हैथमच्या आईसाठीची प्रार्थना

— नाही गं, आजारी नाही मी, झोप झाली नाही एवढंच. ते क्रेयॉन सरकव आणि बस. रात्रभर डोक्यात एकच, की टिलीनं विचारलं तर काय सांगायचं. आणि ती विचारणारच होती, सोडणारी नाही, बापावर, ड्र्यूवर गेलीय. खोटं सांगावं तर ती लगेच ओळखते. आणि खरं सांगावं तर — खरं काय ते आधी मला ठाऊक हवं ना. धर्मशास्त्रातली पदवी आहे माझ्याकडे, बरं का, भिंतीवर लावलेली आहे. ड्र्यू म्हणतो, पाच वर्षांची आहे, विसरेल. पाच वर्षांची माणसं काही विसरत नाहीत, मेरीबेथ, तुला मूल झालं की कळेल. वरचा मजला पाहायचाय ना तुला, दाखवते, किल्ली माझ्याकडेच असते. चर्चनं तुम्हा दोघांना इथे पाठवायचं ठरवलं ते बरंच झालं — माणसं कमीच पडतात हॅमट्रॅमकमध्ये, निम्मं शहर मुसलमान. कपाटं नवी आहेत वर. खिडकीतून शेजारचं अंगण दिसतं, ते अरवाचं. पडदे ओढलेले आहेत ना, तेच घर. नाही, आज नाही जायचं तिकडे. आज नको.

कोर्स झाला का तुझा, चर्चचा, शनिवारचा? मग सगळं पाठ असेल — वाद घालायचा नाही, आधी त्यांचं समजून घ्यायचं, मग पूल शोधायचा. मीही शोधले पूल. येशूला मुसलमान ईसा म्हणतात, थोर पैगंबर मानतात, पण देवाचा पुत्र नाही मानत. तो क्रुसावर मेला असंही नाही मानत, देवानं त्याला वर उचलून नेलं म्हणतात. आणि मरियमच्या नावाचा तर कुराणात अख्खा अध्याय आहे. तिला कळा सुटतात तेव्हा तिला सांगितलं जातं, खजुराचं खोड हलव, पिकलेले खजूर पडतील, ते खा. मला हे इतकं आवडलं होतं, की अरवाला दिवस गेल्याचं कळलं तशी मी खजुराचा डबा घेऊन तिच्या स्वयंपाकघरात हजर. तिनं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "टिलीच्या आई" — नावानं नाही हाक मारत ती, त्या येमेनच्या, त्यांच्यात बाईला मुलाच्या नावानं हाक मारतात — "टिलीच्या आई, हे तुझं तुला सुचलं का चर्चमध्ये शिकवलं?" माझे कान लाल. आणि ती हसतेय, पोट धरून हसतेय. म्हणाली, "अगं, तुम्ही इथे कशाला राहायला आलात ते या गल्लीतल्या मांजरांनाही माहितीये. तू मला ख्रिश्चन करायला बघतेस, मी तुला मुसलमान करायला बघतेय, कोण आधी पोचतं बघू. तोवर कांदे चीर." चिरले मी कांदे. तसे इथे आल्यापासूनच चिरत होते, चार वर्षं. माझ्या सख्ख्या बहिणीशी मी इतकं बोलले नसेन.

पण टिलीला निजवताना — हे मी ड्र्यूशीसुद्धा नीट बोललेले नाही — निजवताना आम्ही नावं घेऊन प्रार्थना करतो. तुमच्या घरीही करत असतील, आपल्यात सगळेच करतात. आजी, आजोबा, मामा, मग अरवा खाला, म्हणजे त्यांच्यातली मावशी, मग जूद — जूद म्हणजे अरवाची मुलगी, टिलीच्याच वर्गातली. 'प्रभू, वेळ आहे तोवर त्यांना तुझी ओळख पटू दे.' रोज. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, प्रेमच होतं ते — अजूनही मला वाटतं की प्रेमच होतं. एकदा टिलीनं विचारलं, कशाला वेळ आहे तोवर? आता काय सांगणार? सांगितलं मी. आग-बिग काही नाही, मऊ करून सांगितलं, की जे प्रभूला ओळखत नाहीत ते त्याच्या घरी जात नाहीत. ती 'बरं' म्हणाली आणि झोपली. मला वाटलं, कळलं वाटतं हिला. कळलंच होतं.

मग हैथम झाला. पहिला मुलगा, म्हणून अरवा त्या दिवसापासून हैथमची आई, अख्खी गल्ली तशीच हाक मारायला लागली. मी चिडवलं, बिचाऱ्या जूदचं नाव पुसलंत की. तर म्हणते, "तुला मुलगा झाला की तुझंही बदलेल, टिलीला आधीच सांगून ठेव." दीड महिन्याचा होता. हृदयात जन्मापासून काहीतरी होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी गेला आणि अंधार पडायच्या आत पुरलाही, त्यांच्यात थांबत नाहीत. बायका कबरीवर गेल्या नाहीत, घरी बसल्या. मी टिलीला घेऊन गेले. ड्र्यू नको म्हणत होता, पण जूद तिथे मोठ्या बायकांत एकटी, म्हणून नेलं — नाही, तेवढंच नाही. मला दाखवायचंही होतं थोडं, की बघा, आम्ही पोराबाळांसकट येतो, आम्ही घरचेच. तर डोक्यावरून ओढणी घेऊन बसले गादीवर. आलं घातलेला कॉफीच्या टरफलांचा काढा फिरत होता. अरवाला अजून दूध येत होतं गं. कपडे भिजत होते आणि ती शाल पुढे ओढून घेत होती, पुन्हा पुन्हा. मग तिची म्हातारी आत्या अरबीत काहीतरी बोलायला लागली, आणि जूद ते टिलीच्या कानात सांगायला लागली, पण खोली इतकी शांत की सगळ्यांनाच ऐकू आलं — की लहान बाळं थेट स्वर्गाच्या दाराशी जातात, आणि आत जा म्हटलं तरी जात नाहीत, आईबाप आल्याशिवाय नाही म्हणतात. आई आली की तिचा कपडा धरून तिला आत नेतात. मला ते माहीत होतं, मेरीबेथ, मी वाचलं होतं ते, कोर्सच्या पुस्तकात समासात खूणसुद्धा केली होती — पण मी अरवाच्या तोंडाकडे पाहिलं. तेवढं एकच धरून बसली होती ती. दुसरं काही नव्हतंच तिच्या हातात.

आणि टिली उठली. अरवासमोर गेली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला वाटलं आपण मदत करतोय, तुला सांगते, तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. म्हणाली, "खाला, त्याला सांग, आत जा म्हणावं. तू नाही येणारेस तिथे. आम्ही रोज प्रार्थना करतो, पण अजून झालेलं नाहीये. त्याला उभं राहता येत नाही ना अजून. मी गेले की मी घेईन त्याला कडेवर."

निम्म्या बायकांना इंग्लिश येतं. बाकीच्यांना त्यांच्या तोंडावरून कळलं. अरवा रडली नाही. अगदी हळू विचारलं तिनं, "मी येणार नाही असं कोण म्हणालं तुला?" टिलीनं माझ्याकडे पाहिलं. मग अरवानंही. "टिलीच्या आई, तू म्हणतेस असं?" आता, याचं उत्तर आहे कोर्समध्ये, तुलाही शिकवलं असेल, न्याय करणारा एक देवच वगैरे. मी काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "लहान आहे गं, काहीही बोलते." टिलीच्या देखत. अरवा म्हणाली, "मुलं असलं आपल्या मनानं नाही बोलत." मग टिलीच्या हातात बिस्किट दिलं, तिचे केस सारखे केले, आणि मला म्हणाली, "घरी ने हिला. दमलीय ती."

तेव्हापासून दार नाही. म्हणजे उघडतं, पण नणंद उघडते, झोपलीय म्हणते. मी सूप ठेवून आले, तर भांडं घासून आमच्या पायरीवर. त्यांच्यात भांडं कधी रिकामं परत देत नाहीत, काहीतरी घालूनच देतात — चार वर्षांत माझं एक भांडं रिकामं आलेलं नाही. हे आलं.

मला काय करावंसं वाटतं सांगू? सरळ जाऊन तिला सांगावंसं वाटतं, की तू येशील, नक्की येशील, तो धरेल तुझा कपडा. अगदी ओठांवर येतं. आणि ते म्हटलं, तर मग ग्रँड रॅपिड्सचं घर विकलं ते कशाला, ड्र्यूनं नोकरी सोडली ती कशाला, आणि तुम्ही दोघं येताय ते तरी कशाला. आणि नाही म्हटलं, तर — तर मी ते त्या भिजलेल्या शालीकडे बघून म्हणायचं. गेले कित्येक दिवस निजवताना तिच्या नावापाशी आलं की माझा आवाज बंद होतो. टिली वाट बघते, मग स्वतःच 'आमेन' म्हणते. — कपाटांचं विचारत होतीस ना, हो, नवी आहेत, खणही नीट सरकतात. पास्टरांना नको सांगूस हे. किंवा सांग, सांगायचंच तर. फक्त प्रार्थनेचा विषय म्हणून सभेत मांडू नकोस, तिचं नाव घेऊन लोक हात जोडतील आणि मला ते बघवणार नाही.

आणि विचारलंच तिनं शेवटी. आज सकाळी, बूट घालताना. मी खोटं बोलले का? म्हटलं, नाही. मग तू तसं का म्हणालीस? म्हटलं, घाबरले मी. मग खाला येणार का नाही? आणि मी म्हटलं — मला माहीत नाही. देवाला माहीत, मला नाही. अख्ख्या जन्मात मी हे मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं. ती मागच्या पायरीवर जाऊन बसलीय, एक बूट घालून, जेवायलाही येत नाही. आता तूच सांग, काय सांगायला हवं होतं मी — थांब जरा, जाळीचं दार वाजलं.

काय गं? ये ना इकडे. ही मेरीबेथ, आपल्या वर राहायला येणारे. का रडतेस? बरं, राहू दे, नको बोलूस तिच्याशी, मला सांग. मोठ्यानं सांग, बाळा, मला ऐकू नाही आलं.

"मम्मी, तू जा स्वर्गात. मी दाराशीच थांबते हैथमपाशी, खाला येईपर्यंत."