इराचं उत्तर

भीती म्हणजे काय, ते मी या परक्या देशातल्या बुकित पंजांग वस्तीत पाहिलं. तेव्हा मी इथल्या युनिव्हर्सिटीत, युरोपातल्या शाळा मुलांना नागरिकत्व कसं शिकवतात, यावर संशोधन करत होते. तुलनेसाठी इथल्या मुलांशीही बोलायचे आणि ते रेकॉर्ड करायचे. त्यांत एक होती सोळा वर्षांची इरा. तिच्याशी बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या आईचा, स्मिताताईंचा फोन आला, "ताबडतोब घरी या."

गेले तर मी बसायच्या आतच त्या म्हणाल्या, "इथे कायमचं राहायला मिळावं म्हणून पीआरचा अर्ज केलाय हो. ही सरकारबद्दल काही बोलली असेल तर ते रेकॉर्डिंग पुसून टाका!"

मी म्हटलं, "नाव कुठेच येत नाही. तरी इरा म्हणाली तर आत्ता पुसते."

त्या इराकडे वळल्या. "काय विचारलं यांनी?"

"युरोपातली मुलं सरकारला प्रश्न विचारायला शिकतात. तू विचारशील का, असं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पीआर मिळेपर्यंत आमच्या घरात कोणी काहीच विचारत नाही लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची इथली सवय तिलाही लागली होती. "आणि मॅडम, ते पुसू नका."

स्मिताताई उठल्या आणि बाराव्या मजल्यावरची खिडकी लावून घेतली.

खरं सांगू? खिडकी लागल्यावर मलाही बरं वाटलं.