इस्तरीचं तोंड

नाई जी नईमभाऊ, वजनाचं मले नोका सांगू. हलकी आहे म्हून चांगली आहे, हे तुमी तुमच्या नागपूरच्या वकीलसायबाच्या बाईले सांगा — वरठ्याले नाई. कपडे धुवून, इस्तरी करून ज्याचा खांदा गेला त्याले नाई. इस्तरी कशी पाहिजे? नुसती ठेवली का कपड्यानं बाप्पा म्हटलं पाहिजे! ही माह्यी पितळेची पाहा — पोटात चिंचेचा कोळसा, आज्याच्या वेळची, ही फिरवून फिरवून माह्या उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला, शिंपी माप घेताना हसते मले. अन् तुमची ही — चमकते तं भल्ली चमकते, पण उचलली का वाटते, हिच्यात जीव आहे का नाई? … थांबा, थांबा, डब्यात भरू नोका. म्या घेत नाई म्हटलं का? वजनाचं नोका सांगू म्हटलं. बाकीचं सांगा न. अन् उभे काऊन? बसा त्या बोचक्यावर, धुतलेलंच आहे.

तं पाणी इथून टाकाचं? ह्या एवढ्याशा भोकातून? अन् तार बत्तीच्या होल्डरात. बरं. अन् चांद्याची लाईट भर दुपारी गेली का मंग काय कराचं? — वाट पाहाची. वा! कोळसा तं कधी वाट पाहाले लावत नाई. अन् विहिरीचं पाणी नाई चालत? काऊन? खार बसते? अजी, सारा पठाणपुरा हेच पाणी पिते, आमच्या पोटात नाई बसत तो खार अन् हिच्या पोटात बसते! म्हणे पावसाचं पाणी धरून ठेवा हिच्यासाठी. जावयाचे नाई केले एवढे लाड म्या. बरं, खळ दिलेल्या जाड धोतरावर चालन का? करून दावा. हे घ्या — नाई, हे नोको, हे मास्तरचं आहे, करपलं तं मास्तर मले शाळेत उभं करन. हे घ्या, माह्यंच आहे.

अरे बाप्पा! पाहा कशी फुस्सकन करते! अन् पाणी कुठी दिसतच नाई — हात लावून पाह्यलं, ओलं नाई, अन् सुरकुती पाहा, गेली. तोंड लावाचं कामच नाई. हेच पाहिजे मले, नईमभाऊ, नेमकं हेच. अजून एक डाव दाबा.

तोंडाचं काय म्हणतो, तुमाले नाई समजलं? सुया विकता, ष्टोच्या पिना विकता, पण वरठ्याचं काम पाह्यलं नाई तुमी. आमी कपडा दाबाच्या आंधी लोटा उचलतो, तोंडात पाणी घेतो, अन् ओठ आवळून फुर्रकन सोडतो. काऊन? हातानं शिंपडलं तं थेंब पडते — इथी ओलं, तिथी कोरडं, इस्तरी फिरवली का डाग. तोंडाचा फवारा कसा, धुक्यावानी बसते. पण थे साऱ्याइले जमत नाई. मले तं मुळीच नाई, माह्या दाताइत फट आहे, धार लागते. जमे थे वच्छलेले. माह्यी बायको — थे काय त्या गोणपाटाच्या पडद्यामागं, घड्या करून राह्यली. एका घोटात धोतर ओलं करे जी ती! पुरं धोतर! एक थेंब इकडचा तिकडं नाई. लग्न होऊन नवी नवी आली तवा माह्या बापानं तिचा फवारा पाह्यला अन् म्हणे, लटारू, तुह्यं नशीब उघडलं रे बाबा. कचेरीतले बाबू लोक कपडे नेण्याच्या नावानं येत अन् उभे राहून पाहत. भल्ला गर्व होता मले तिचा.

तीन वर्स झाले, तिनं तोंडात पाणी घेतलं नाई. म्हणजे पिते — पिणार नाई तं जगन कशी? — पण फवाऱ्याले नाई घेतलं. हातानं शिंपडते. डाग पडते. गिऱ्हाइक बोलून जाते, ती आयकून घेते. माह्याशी बोलते, नाई असं नाई, पण कामापुरतं — कोळसा संपला, मास्तर येऊन गेला. पयले मले हाक मारे, 'आयकलं का?' म्हून. दिवसातून शंभर डाव, 'आयकलं का, आयकलं का,' मले चीड ये. आता पडद्यापाशी येते अन् उभी राहते, म्या वर पाह्यलं का बोलते… हे म्या तुमाले काऊन सांगून राह्यलो? इस्तरीच्या गोठीतून निघालं. दाबा अजून एक डाव.

कोणामुळं झालं म्हणता? इंदुताईमुळं! लाकडाच्या ठेकेदाराची बायको. गडचिरोलीकडच्या जंगलातून त्याइचा सागवान येते, इथी माडीचं घर आहे, फाटकावर दोन बत्त्या — पाह्यलंच असन तुमी. मोठ्या पोट्टीचं लग्न होतं, वैशाखात. आता लग्नात वरठ्याचा मान असते, तुमच्यात नसन — नवरदेव मांडवात शिरते तवा त्याच्या पायाखाली आमी धुतलेल्या लुगड्याइच्या पायघड्या टाकतो. थो मान दुसऱ्या कोणाचा नाई, ठेकेदाराचा सख्खा भाऊ आला तरी त्याचा नाई. म्हून आमी दोघं नवराबायको चार दिवस आंधीपासून तिथीच होतो. आंगणात फळ्या टाकल्या, वरपक्षाचे कपडेबी तिथीच आले, अन् वच्छला आपल्या कामात — लोटा, फुर्र, इस्तरी, लोटा, फुर्र, इस्तरी. व्याहीणबाई बसली होती ओसरीवर. पुण्याकडं राहून आलेली. तिनं तोंड वाकडं केलं अन् म्हणे, अगबाई, तुमच्याकडं नवरदेवाच्या कपड्यावर थुंकतात का?

झालं! इंदुताई लाल. चारचौघात नाक कापलं गेलं. व्याहिणीले तं काई बोलता येत नाई, मंग कोणाले बोलाचं? आमाले. तरातरा आंगणात आली. वच्छलेकडं पाह्यलंबी नाई, माह्याकडं पाहून म्हणे, लटारू, बायकोचं तोंड बांध तुझ्या, नाईतर उचल आपलं बोचकं अन् चालता हो. अन् बांधलं तोंड. फडक्यानं. दाणे खाऊ नये म्हून मळणीच्या बैलाले मुसकं बांधते न, तसं. भर वैशाख, समोर दोन इस्तऱ्याइची धग, अन् तोंडावर फडकं — सकाळपासून तिनं तसंच काम केलं. वऱ्हाडातले पोट्टे येत, पाहत अन् हसत. दुपारी पडली. धाडकन पडली. इस्तरी आंगावर आली नाई, एवढं देवानं पाह्यलं.

कोणी बांधलं? — बांधलं जी. त्याइच्या घरी माणसं काय कमी होते लग्नात? तुमी मशीनचं सांगा.

नाई, पयले माह्यं आयका. अजून पंधरा दिवसानं धाकट्या पोट्टीचं लग्न आहे, अन् निरोप कोणाले आला? लटारूले! काऊन का पायघड्या तं वरठ्याइनंच टाकाच्या, अन् दुसरं वरठ्याचं घर ह्या आळीत नाई. 'मागचं मनात ठेवू नको, वच्छलेलेबी आण' म्हणे. मनात ठेवू नको! ठेवलं आहे न, चांगलं दाबून ठेवलं आहे. वच्छला तं नाई म्हणते, पण म्या जाईन. ह्या इस्तरीले घेऊन जाईन, तुमच्या ह्या डब्यासकट, डोक्यावर. आंगणात फळी मांडीन, त्याइच्याच बत्तीच्या होल्डरात तार घालीन. वऱ्हाड जमलं असन, नवी व्याहीण ओसरीवर बसली असन. हिनं एक डाव फुस्स केलं का सारे धावत येतन — चांद्यात कोणाकडं आहे अशी? सायबाच्या बंगल्यावर नसन! इंदुताई सगळ्याइच्या पुढं येईन, तिले मिरवाचा भल्ला शौक. म्हणन, पाहा आमचा वरठी. अन् तवा जी, तवा म्या खिशातून फडकं काढीन — थेच फडकं — अन् ह्या इस्तरीच्या तोंडाले बांधीन. साऱ्याइच्या देखत. म्हणीन, बाई, हीबी पाणी उडवते, अन् तुमच्या घरी पाणी उडवणाऱ्याचं तोंड बांधाचा कायदा आहे, म्हून बांधून आणली. व्याहीण विचारन, हे काय? मंग सांगीन. सारं सांगीन, एक एक. अन् पायघड्या गुंडाळून काखेत मारीन. नवरदेव राहू दे उभा मांडवाच्या दाराशी, भाजू दे पाय! तिची मान खाली गेलेली पाहाची आहे मले. तीन वर्स झाले, कोळसा फुंकताना मले दुसरं काई दिसत नाई, हेच दिसते. म्हून हिचे एकशे दहा रुपये द्याले तयार झालो. एवढ्यात दुभती गाय येते, मले मालूम आहे. गाय त्या आंगणात नेऊन काय करू?

फडकं? आहे न. ठेवलं आहे. ह्या टिनाच्या डब्यात, बिब्याच्या बाजूनं. हे पाहा. कोपऱ्यात बिब्याची खूण दिसते? दोन टिपके अन् एक रेघ, इंदुताईच्या घरच्या कपड्याची खूण, म्याच टाकलेली. कोर्टात नेलं तरी त्याइचंच निघन. अन् इथून कापलेलं आहे — कातरीनं. गाठ सुटतच नोती. ही गाठ घामानं भिजली का अजून आवळते, ती सुटाची गाठच नाई. दातानं ओढली, नखं मोडली, नाई सुटली, अन् ती जमिनीवर डोळे फिरवून पडलेली — मंग कातरी लावली. कानामागं लागली तिले. खूण आहे अजून. गाठ तशीच आहे पाहा, हात लावा, सुटते का तुमाले?

काय चाचपून राह्यले? मांडीखाली काय आहे? बोचकं आहे थे, डॉक्टरच्या कपड्याइचं. बोचक्याले गाठ असतेच. गाठ नाई मारली तं कपडे रस्त्यात पडतन. त्यात काय पाहाचं? … इकडं पाहा नईमभाऊ. फडक्याकडं पाहून मंग पुन्हा बोचक्याकडं काऊन पाहता?

हाव. तीच गाठ.

सुया विकणाऱ्याची नजर बारीक असते, म्या विसरलो. वरठ्याची गाठ आहे ती, दुसऱ्याले येत नाई, आज्यानं शिकवली मले. बाई म्हणे बांध, अन् साऱ्या आंगणानं माह्याकडं पाह्यलं, अन् माह्या हातानं — माह्या हाताले एकच गाठ येते जी, म्या काय करू! पंचवीस वर्साचं घर होतं थे. पायघड्याइचा मान होता. वाटलं, घंट्याभराची गोठ आहे, बाई आत गेली का सोडून देऊ. अन् वच्छलेनं काय केलं? माह्याकडं पाह्यलं अन् मान पुढं केली, लहान पोट्टी वेणी घालून घ्याले करते तशी. अन् म्या बांधली. घट्ट बांधली. बाई पाहत होती न.

अन् कातरी कोणी आणली, थे विचारा. म्या नाई. म्या दातानं ओढत होतो. इंदुताई! शिवणाच्या मशीनवरची कातरी घेऊन तीच धावत आली, तिनंच कापलं, वच्छलेचं डोकं मांडीवर घेतलं, सोयऱ्याइच्या देखत, अन् मले म्हणे — अरे लटारू, मी रागात बोलले, तू खरंच बांधलंस? बायको आहे ना तुझी? … हे म्हटलं मले तिनं! जोड्यानं मारलं असतं तं चाललं असतं. बोलाचं तिनं, बांधाचं म्या, अन् वरून चांगलीबी तीच? नाई सोडणार म्या तिले. तिची मान खाली गेलीच पाहिजे, नईमभाऊ, साऱ्याइच्या देखत गेली पाहिजे, नाईतर मंग — नाईतर मंग कोणाची जाईन?

भरा डबा. घेतली म्या. शेवटचं बोला, एकशे पाच —

काय? मागं कोण? … वच्छला? तू काऊन बाहीर आली? काई नाई, नईमभाऊ इस्तरी दावून राह्यले. हे? हे फडकं असंच पडलं होतं. दे इकडं. दे न. तुले मालूम नोतं का म्या ठेवलं म्हून? … लोटा काऊन उचलला? तहान लागली का? पी, पी बापा. नईमभाऊ, पाहा न, ही गिळत नाई. वच्छले, अवं माणूस बसलं आहे समोर, वच्छले —

…

थांबा. डोळे पुसू द्या.

पाह्यलं का जी? हात लावा माह्या सदऱ्याले. लावा, लाजू नोका. थेंब सापडते का कुठी? गळ्यापासून कंबरेपर्यंत एकसारखं. तोंडावरबी एकसारखं. तीन वर्स सोडलं होतं तिनं, अन् एकसारखं!

उचला डबा. नाई घ्याची मले. पायघड्याइचं काय कराचं थे तिले विचारा, मले नोका विचारू. फडकंबी राहू द्या तिच्याच हातात.

जा नईमभाऊ, लवकर जा. तिनं दुसरा घोट घेतला आहे.