राक्षसासमोरची गिनती

(रविवार, सकाळचे अकरा वाजून गेलेत. तिघे तीन गावांत, पण एकाच खेळात. लालासाहेब लोणंदजवळ आपल्या घरी, विश्वजित शिरवळला भाड्याच्या खोलीवर, नूरीन तासगावात वडिलांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये. तिघांच्या कानांना हेडफोन. खेळात विश्वजित ढालवाला, नूरीन तिरंदाज, आणि लालासाहेब जादूनं जखमा भरून काढणारा 'हीलर'.)

विश्वजित : आवं पण मी ओरडत होतो ना, आबा. हील द्या, हील द्या, हील द्या. हेडफोन कानात घालताय का नुसता गळ्यात अडकवताय?

लालासाहेब : कानात हाय. ऐकलं की. तीनदा ऐकलं.

विश्वजित : मग?

लालासाहेब : मग काय? तू ओरडत व्हतास म्हंजे तुझ्यात दम व्हता. पोरगी एकदम गप झाली, म्हणून तिच्याकडं गेलो.

नूरीन : आबा, मी माइक बंद केला होता. टेम्पो आला होता दारात. अब्बांनी वजनाला हाक मारली.

लालासाहेब : आता ते मला लोणंदात बसून कसं कळायचं?

विश्वजित : तिची जिवाची पट्टी बघायची. हिरवीगार, काठोकाठ. तिला खरचटलंबी नव्हतं. आणि तुम्ही निम्मी जादू तिच्यावर ओतली. इकडं मी ढाल घेऊन त्या दगडी राक्षसाच्या पायाखाली. मेलो की मी.

लालासाहेब : चुकलं माझं.

विश्वजित : पाचव्यांदा चुकलं, आबा.

नूरीन : पाचातला एक माझा माइक होता, विश्वादादा. आणि एकदा तू स्वतःच पुढे पळाला होतास.

विश्वजित : ते जाऊ दे. बाराला हा दरवाजा बंद होतोय. आत्ता अकरा वीस झालेत. एकच डाव बसतो. हा राक्षस पडला तर आपण वरच्या गडावर, नाय पडला तर तीन महिने खाली बसा. स्पष्ट बोलू का?

लालासाहेब : बोल की. कवा आडपडदा ठेवलायस?

विश्वजित : कंपनीत माझ्या लाइनवर यशराज म्हणून एक हाय. त्याचा हीलर लय भारी हाय. आज सुट्टीवर, मोकळाच बसलाय. एवढा डाव त्याला घेऊ. तुम्ही बाजूला बसून बघा, शिकायला मिळंल.

लालासाहेब : न्हाई.

विश्वजित : आबा, राग नका धरू. ती जागा तशी साईराजची. नातू ट्रेनिंगला गेला, जाताना तुम्हाला म्हणला, जरा सांभाळा. आम्हीबी म्हणलं, चालतंय, म्हातारा माणूस, तेवढाच विरंगुळा.

लालासाहेब : पहिलं दोन महिनं मी त्याची जागा सांभाळली. मान्य. पर त्येला गेल्याला आठ महिनं झालं. वरची सहा माझी हाईत. विहिरीतलं विष कुणी उतरवलं? हिला दोन येळा उचलून आणली कुणी?

नूरीन : आबांनी.

विश्वजित : त्या पायऱ्या सोप्या होत्या.

लालासाहेब : सोप्या व्हत्या तर तू तिथं तीनदा कसा मेलास?

नूरीन : चारदा.

विश्वजित : तू कुणाच्या बाजूनं हायस?

नूरीन : मी लांबून बाण मारते. मला सगळं दिसतं.

लालासाहेब : हे बघ विश्वजित. शेवटचा डाव मी खेळणार. हारलो तर तू मला उठवायची गरज न्हाई, मीच उठंन. यशराजला माझ्या हातानं जागा दीन आणि साईराजला कळवीन की बाबा, तुझी जागा आज्यानं घालवली. पर बसून बघायला मला सांगू नगंस.

विश्वजित : शब्द?

लालासाहेब : शब्द.

विश्वजित : बरं. मग एक सांगा. जो ओरडतोय त्याच्याकडं तुम्ही जात का नाय? हे कुठलं शास्त्र?

लालासाहेब : शास्त्र न्हाई. सवय हाय. मी फौजेत भरती झालो तो स्ट्रेचर उचलायला. अंगठाबहाद्दर. सहीबी तिथंच शिकलो, बाविसाव्या वर्षी. एकदा डोंगरात आमची गाडी दरीत घसरली. सात जण. एक हवालदार लय ओरडत व्हता, मांडी मोडल्याली. मी आधी त्येच्याकडं पळालो. बाजूला जोतीराम म्हणून जतकडचा एक पोरगा दगडाला टेकून बसला व्हता. गप. मला म्हणाला, तुमचं होऊ द्या.

नूरीन : मग?

लालासाहेब : माझं होईस्तवर त्येचं झालं व्हतं. आत मार लागला व्हता, वरनं काय दिसंना. हवालदार पेन्शन खाऊन गेला, त्येच्या पोराच्या लग्नाला मी जेवून आलो. तवापास्नं माझं ठरल्यालं. ओरडणाऱ्यात दम असतो. गप झाल्याल्याकडं आधी जायाचं.

विश्वजित : आबा, ते खरं असंल. पण ह्यो खेळ हाय. इथं ढालवाला पडला की मागं कुणी वाचत नाय. आणि इथं कण्हत कुणी नाय. नुसत्या पट्ट्या बघायच्या.

लालासाहेब : पट्ट्याच तर दिसत न्हाईत मला. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा पुढच्या महिन्यात हाय. त्यात ती नावं इंग्रजीत. एकेक अक्षर लावून वाचून हुईस्तवर तू आडवा. मला ऐकून कळतं. बघून न्हाई.

विश्वजित : मग झालंच की. हे आधी सांगायचं.

लालासाहेब : आधी सांगितलं असतं तर आधीच यशराज आणला असतास.

नूरीन : थांबा जरा. आमच्या शेडमध्ये बेदाणा निवडायला बायका बसतात ना, सरकत्या पट्ट्यावर. दहा-दहा जणी. फिरदोसखाला त्यांची मुकादम. तिची नजर पट्ट्यावर नसतेच कधी, ती ऐकत बसते. बायका दिवसभर बडबडत असतात. एक गप झाली की खाला तिकडे जाते. म्हणजे तिला पेंग आली किंवा चक्कर. काड्या आणि खडे तिच्याच हातून सुटतात.

लालासाहेब : फिरदोस म्हणायचं का त्या बाईला? फौजेत पायजे व्हती ती.

विश्वजित : बेदाण्याचा इथं काय संबंध?

लालासाहेब : हाय. धुक्यात डोंगर उतरताना आमी गिनती करायचो. एक, दोन, तीन, सारखी. दिसत कुणीच न्हाई. ज्येचा नंबर आला न्हाई तो घसरला, नायतर बसला. मागं फिरायचं आणि उचलायचा. विश्वजित, तुझा नंबर एक. पोरीचा दोन. राक्षस पडंस्तवर आपला नंबर बोलत ऱ्हायचा.

विश्वजित : शाळेतल्या पीटीसारखं?

लालासाहेब : पीटीसारखं. माणूस अडचणीत आला की पहिली त्येची गिनती चुकती. आठवून बघ. मरायच्या आधी तू ओरडत असतोस, आणि खरं मरताना?

विश्वजित : ...खरं मरताना बटणं दाबत असतो. बोलायला कुठं येतंय?

लालासाहेब : तवा मी येणार.

नूरीन : आणि तुमचा नंबर, आबा?

लालासाहेब : मोजणाऱ्याला नंबर नसतो. आणि माइक बंद करायचा न्हाई, टेम्पो येऊ दे न्हाईतर विमान.

नूरीन : नाही करणार.

विश्वजित : अकरा पस्तीस. चला. दार उघडतोय. मला आधीच हसू येतंय. एक.

नूरीन : दोन.

विश्वजित : एक.

नूरीन : दोन. उजव्या हातात गदा आहे त्याच्या. गदा वर गेली की मागे हो. दोन.

विश्वजित : माहिती हाय. एक. घेतली ढालीवर. एक.

लालासाहेब : दम हाय. चालू द्या.

विश्वजित : एक. आबा, पाव पट्टी गेली माझी.

लालासाहेब : बोलतोयस न्हवं? चालू दे.

नूरीन : दोन. डोळ्यावर बाण बसला. दोन. कसली शिट्टी ती?

लालासाहेब : आमचा कुकर हाय. रंगू, ग्यास बारीक कर. मला मोजायचंय.

विश्वजित : एक. आजी काय म्हणतायत?

लालासाहेब : डाळ शिजंना म्हणती. दोन नंबर?

नूरीन : ...

लालासाहेब : दोन न्हाई. घे पोरी.

नूरीन : आले, आले. दगड पडले होते वरून. दहावा हिस्साच उरला होता माझा. तुम्ही बघितलं?

लालासाहेब : मी काय बघतोय? गिनती.

नूरीन : दोन.

विश्वजित : एक. एक. आता दोन गदा झाल्या त्याच्या. एक. अरे, ह्यो...

लालासाहेब : एक नंबर.

विश्वजित : ...

लालासाहेब : घे. आणि हे वरनं आणिक.

विश्वजित : हां. हां. उठलो. कसलं टायमिंग, आबा. एक.

लालासाहेब : बोलत ऱ्हा. शाबासकी नंतर.

नूरीन : दोन. अब्बा, पाच मिनट ठैरो, टेम्पोवाले कू चाय देव. दोन. माइक चालू आहे, आबा. दोन.

लालासाहेब : ऐकतोय. तुझ्या अब्बांना, अजीमभाईंना माझा सलाम सांग.

नूरीन : ते म्हणतात, गिनती काय चाललीय, गोणी मोजतेस का. दोन.

विश्वजित : निम्मा आला राक्षस. निम्म्याच्या पुढं आपण कवाच गेलो नव्हतो. एक. जादू किती उरली, आबा?

लालासाहेब : निळी पट्टी? ती जाड हाय, तेवढी दिसती. एक बोटभर. चार मात्रांना पुरंल.

विश्वजित : पुरवा. एक.

नूरीन : दोन. मागे हो, विश्वादादा, गदा.

विश्वजित : एक. बसली. बसली जोरात. एक. आबा, द्या आता. निम्म्याच्या खाली हाय मी.

लालासाहेब : देतो. तीन उरल्या.

विश्वजित : एक. अजून एक द्या.

लालासाहेब : न्हाई. तुझा आवाज खणखणीत हाय. दोन?

नूरीन : दोन. माझं बरं आहे. त्याला द्या.

लालासाहेब : कुणाला द्यायचं ते मी ठरवणार. ह्यो, आता गडबडला विश्वजित. घे. दोन उरल्या.

विश्वजित : तुम्हाला कसं कळलं? एक. मी अजून बोलतच होतो.

लालासाहेब : एकच्या आधी थांबलास. इतका वेळ थांबत न्हवतास.

नूरीन : दोन. पाव राहिला राक्षस. आता तो सगळ्यांना मारणार, फिरून फिरून. दोन.

विश्वजित : एक. आबा, मागं व्हा तुम्ही. एक. एक. मला द्या, आबा, लय लागतंय, मला द्या, एक, एक.

लालासाहेब : दोन नंबर?

विश्वजित : आवं मला, मला.

लालासाहेब : दोन नंबर, बोल.

नूरीन : ...

लालासाहेब : घे पोरी. ऊठ.

नूरीन : दोन. दोन. पडलेच होते. दोन.

विश्वजित : आणि मी?

लालासाहेब : तुझी पट्टी किती हाय?

विश्वजित : ...बोटभर. जिवंत हाय.

लालासाहेब : मग? शेवटची मात्रा राखून ठिवलीय. गप झालास की तुझी.

विश्वजित : एक. एक. आबा.

नूरीन : दोन.

विश्वजित : आबा?

नूरीन : आबांची पट्टी बघ. विश्वादादा, आबांची पट्टी बघ. तो त्यांच्याकडे वळलाय.

विश्वजित : आबा, काय उरलंय तुमचं? ती मात्रा स्वतःवर घ्या.

लालासाहेब : माझं ऱ्हाऊ द्या. तुमचं होऊ द्या.

विश्वजित : नाय. नाय होऊ देत. नूरीन, मी राक्षस सोडतोय. तू मारत ऱ्हा.

नूरीन : ढाल काढलीस तर तो माझ्याकडे येईल.

विश्वजित : येऊ दे. ढाल आबांच्या पुढं लावतो. लावली. आबा, माझ्या मागं बसा, हलू नका. आणि बोला.

लालासाहेब : काय बोलू?

विश्वजित : नंबर.

लालासाहेब : मला नंबर न्हाई, बाबा.

विश्वजित : आता हाय. मला मागचं दिसत नाय. तुम्ही गप झाला तर मला कळायचं कसं? तीन म्हणा. एक.

नूरीन : दोन.

विश्वजित : आबा.

लालासाहेब : ...तीन.

विश्वजित : मोठ्यानं. एक.

नूरीन : दोन. तीन बाण उरलेत.

लालासाहेब : तीन. पोरी, नेम धर. श्वास सोड आणि मार.

विश्वजित : एक. ढाल फुटती आता.

लालासाहेब : घे. शेवटची मात्रा तुझी. आता माझ्याकडं काय न्हाई. तीन.

नूरीन : दोन. लागला. दोन. लागला.

विश्वजित : एक.

लालासाहेब : तीन.

नूरीन : ...

विश्वजित : नूरीन?

लालासाहेब : दोन नंबर? पोरी, दोन बोल. माझ्याकडं आता काय न्हाई गं. दोन बोल.

नूरीन : पडला.

विश्वजित : कोण पडला?

नूरीन : राक्षस. गुडघ्यावर आला, आणि पडला. मी बघतच राहिले. सॉरी, बोलायचं राहून गेलं.

लालासाहेब : काळजाचं पाणी केलंस की.

विश्वजित : अकरा अठ्ठावन्न. पडला, आबा. तिघंबी उभे. दरवाजा उघडलाय, वरचा गड दिसतोय.

लालासाहेब : कसा दिसतोय? मला नुसतं पांढरं पांढरं दिसतंय.

नूरीन : पायऱ्या आहेत. खूप आहेत. वर धुकं आहे, आबा.

लालासाहेब : मग उतरायच्या ऐवजी चढायचं. धुक्याची सवय हाय.

विश्वजित : थांबा, यशराजचा मेसेज आलाय. म्हणतोय, काय झालं, येऊ का?

लालासाहेब : काय सांगतोयस?

विश्वजित : लिहिलं. गडी भरलेत.

नूरीन : एवढंच?

विश्वजित : एवढंच. आणि आबा, एक सांगायचं होतं. मघाशी तुम्ही हिला उचललं, मला नाय. मला राग आला होता.

लालासाहेब : माहीत हाय. तुझ्या 'एक'मधी ऐकू आला.

विश्वजित : आता नाय.

लालासाहेब : तेबी ऐकू येतंय.

नूरीन : मी जाते. अब्बा दारात उभे आहेत, टेम्पोवाला तिसरा चहा पितोय.

विश्वजित : मलाबी आवरायचंय, सेकंड शिफ्ट हाय. पुढच्या रविवारी दहाला. आबा, डोळ्याचं ऑपरेशन कवा?

लालासाहेब : पुढच्या महिन्यात. मग मला पट्ट्या दिसतील बघ.

विश्वजित : दिसू द्या. गिनती बंद करायची नाय.

लालासाहेब : साईराज सुट्टीला आला की जागा मागंल.

विश्वजित : त्याला चार नंबर देऊ.

नूरीन : तीनच खेळाडू चालतात, दादा.

विश्वजित : मग तो बाजूला बसून बघंल. शिकायला मिळंल त्याला.

लालासाहेब : हां. हे बरं बोललास. आलो गं रंगू, वाढ तू. ठेवू का मग?

नूरीन : ठेवायच्या आधी, आबा. दोन.

विश्वजित : एक.

लालासाहेब : तीन. हाय मी.