कंप्युटरची खंडेनवमी

मी मूळची निपाणीकडची, ताई. आमच्या माहेरी बोलायला मराठी, भांडायला कन्नड, आणि बाजारात दोन्ही, असं हुतं. लग्न होऊन हितं बेंगळूरला आले तवा आईनं सांगितलेलं, तिकडं आपलं कोण न्हाई बाई, नवऱ्याला धरून ऱ्हा. आता मी नवऱ्याला धरायला गेले तर नवरा कंप्युटरला धरून बसलेला, मग मी काय करू, तुम्हीच सांगा.

आमचे हे, म्हंजे वसंतराव, ह्यांचं मल्लेश्वरमला पत्रिका छापायचं दुकान हुतं. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या. कन्नड पत्रिका सगळेच करायचे हो, पण मराठी, आणि ती पण एक काना-मात्रा न चुकता, ती आमच्याकडंच. लग्न ठरलं की हितली मराठी माणसं आधी गणपतीकडं जायची आणि मग आमच्या दुकानाकडं. तवा ह्यांनी तो कंप्युटर आणला, ती अठ्ठ्याण्णववाली विंडोज असलेला, पडदा असा की पुढनं टीव्ही आणि मागनं म्हैस. आणला त्या दिवशी त्याला हार घातला, कुंकू लावलं, मी नवी साडी नेसून दारात उभी तर माझ्याकडं बघितलं बी न्हाई. मी तवाच म्हटलं, आली माझी सवत.

पुढं सगळ्यांचे कंप्युटर बदलले, सडपातळ झाले, ह्यांचा काय बदलला न्हाई. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, सुमन, ह्यात कुठलं अक्षर कुठं हाय ते माझ्या बोटांना ठाव हाय, डोळ्याला विचारावं लागत न्हाई. मग दुकानाची इमारत पाडली, आम्ही येलहंकाला ह्या घरात आलो, सामान टेंपोतनं आलं आणि सवत आली ऑटोत, ह्यांच्या मांडीवर बसून. मी मागनं बसमधनं. हसू नका, खरं सांगते.

घरी आल्यावर तर काय बघायलाच नको. दूधवाल्याला चिठ्ठी, ती छापून. आरतीचे कागद, छापून. माझे डबे बघा की तुम्ही, तूरडाळ, रवा, पोहे, एकेका डब्यावर अशी ठळक अक्षरं जशी काय तूरडाळीचंच लग्न हाय. मी वैतागायचे, पण खोटं कशाला बोलू, उपयोग पण हुता सवतीचा. हितली डिसेंबरची थंडी तुम्हाला ठाव हाय, दही म्हणून लागत न्हाई, तर मी विरजणाचं भांडं त्या पडद्याच्या मागं ठेवायचे, ऊब असायची तितं, सकाळी घट्ट दही.

मग ह्यांना हे विसरायचं दुखणं लागलं. आधी चष्मा विसरले, मग रस्ता विसरले, एकदा दोन गल्ल्या पलीकडच्या देवळात सापडले, चप्पल न्हाई पायात. डॉक्टर म्हणाले, अम्मा, हे आता वाढतच जाणार. आणि एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर हे मला म्हणाले, या अक्का, बसा, कुणाचं लग्न? काय सांगू तुम्हाला. बायकोला गिऱ्हाईक समजले हो. पण कंप्युटरसमोर बसलेले, आणि तितं मात्र सगळं बरोबर, बोटं अशी चालालती की जणू काय झालंच न्हाई. जेवल्याचं आठवायचं न्हाई, पण कुठलं अक्षर कुठं ते ठाव. तितं बसले की माझा नवरा मला दिसायचा. एरवी घरात कोण एक म्हातारा फिरायचा, बिचारा भ्यालेला.

मग मी काय करावं? मी गिऱ्हाईक झाले. रोज चहा झाला की पदर नीट करायचा, ह्या खोलीच्या दारात यायचं, आणि म्हणायचं, नमस्कार, पोरीचं लग्न हाय, पत्रिका करायची हुती. हे म्हणायचे, सरी सरी, म्हंजे बरं बरं, या अक्का, मुलीचं नाव सांगा. मी सांगायचे कायबाय. शेजारणींच्या पोरी, माहेरच्या पोरी, टीव्हीतल्या पोरी, सगळ्यांची लग्नं लावली मी. एकदा नावं संपली तर माझंच सांगितलं, सुमन, आणि मुलगा वसंत. ह्यांनी सगळं टाइप केलं आणि मान वर करून म्हणाले, अक्का, मुलगा करतो काय? मी म्हटलं, पत्रिका छापतो. तर म्हणाले, मग चांगला असणार, द्या पोरगी. त्या दिवशी मोरीत जाऊन रडले मी, नळ सोडून.

आमचा प्रसाद, मुलगा, कोरमंगलाला कंपनीत हाय. गुणाचा हाय, उगीच नावं का ठेवू. त्यानं नवा लॅपटॉप आणला, जुनं सगळं त्यात घातलं, पण अक्षरं उघडली तर नुसते चौकोन, आणि जी दिसाली ती भलत्याच बटणावर. कंप्युटरची ती मराठी अक्षरं बनवून विकणारे कवाच दुकान बंद करून गेलेत म्हणे. ह्यांनी दोन बटणं दाबली आणि हात मागं घेतले, चटका बसल्यासारखे. म्हणाले, हे कुणाचं हाय, त्याला देऊन टाका.

त्यातच तो जुना कंप्युटर खरखर कराय लागला. आमचे मंजण्णा हायत, जुनी मशिनं दुरुस्त करतात, ते आले, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, अक्का, आतली चकती म्हातारी झालीय, फिरालीय तोवर फिरू दे, बंद मात्र करू नका, थंड झाली की परत उठंल असं मी सांगत न्हाई. झालं. तवापासनं तो कंप्युटर चोवीस तास चालू. प्रसादनं इन्व्हर्टर बसवून दिला. करंट गेला की ह्यांच्या औषधाच्या आधी मी त्याचा हिरवा दिवा बघायचे. सवतीसाठी नवस बोललेली बाई बघितलीय का तुम्ही कुठं? मी बोलले.

आणि मग आली खंडेनवमी. हितं आयुधपूजेला सगळं गाव नटतं, बसला केळीचे खुंट, ऑटोला झेंडूच्या माळा, रस्त्यात कोहळे फोडलेले. प्रसाद सूनबाईला घेऊन आला, गाडीची पूजा झाली, वर आलो, बघतो तर हे अंघोळ करून, सोवळं नेसून कंप्युटरपुढं उभे. महिने झाले, अंघोळीला ओढून न्यावं लागायचं, आणि त्या दिवशी आपले आपण. फडकं घेऊन पुसालेत. हार घातला. आणि हात बटणाकडं. ह्यांचा रिवाज हो तो, दुकान हुतं तवापासनं, नवमीला पूजा करून अवजार बंद करायचं, दसऱ्याला उघडायचं.

प्रसाद ओरडला, बाबा, नको, बंद करू नका! तर हे वळले, आणि जुन्या आवाजात, त्या दुकानातल्या आवाजात म्हणाले, वर्षभर राबवून घेतो आणि एक दिवस विसावा देत न्हाई, तो कसला रे कारागीर? आणि माझ्याकडं बघून म्हणाले, सुमन, हळद-कुंकू आण.

सुमन म्हणाले, ताई. अक्का न्हाई. किती काळानं माझं नाव आलं त्या तोंडात.

आता तुम्ही सांगा, मी काय करायचं हुतं? हात धरायचा? प्रसाद म्हणालाता, आई, अडव त्यांना, तुझं ऐकतील. आणि माझे पाय गेले देवघराकडं. तबक घेऊन आले. ह्यांनी कुंकू लावलं त्याला, मग मला पण लावलं, आणि रीतीनं, पडद्यावरची एकेक खिडकी मिटत, बंद केला. ती खरखर थांबली. घर एकदम गप्प झालं. हे हात जोडून उभे ऱ्हायले, चेहरा असा शांत की बघत ऱ्हावं.

दसऱ्याला न्हाई उठला तो. मंजण्णा आले, उघडलं, फुंकलं, घरी नेला, परत आणला, मान हलवली, म्हणाले, अक्का, मुगीतु. म्हंजे संपलं. तसलाच दुसरा जुना आणून लावून बघितला त्यांनी, तोंडावळा तोच, पण ह्यांच्या बोटांखाली भलतीच अक्षरं याय लागली तसे हे घाबरून रडले, तवा तो पण काढला आणि हाच परत ठेवला, मेलेला. प्रसाद म्हणतो, काढून टाकू आई, जागा तरी होईल. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे. दही आता लागत न्हाई नीट, पातळच ऱ्हातं, पातळ तर पातळ.

नाव परत घेतलं न्हाई त्यांनी माझं. मी वाट बघते, खोटं का बोलू. पण रोज चहा झाला की पदर नीट करते आणि दारात जाते. हे बसलेले असतात त्या काळ्या पडद्यापुढं, वरचं कुंकू मी पुसलेलं न्हाई. मी म्हणते, नमस्कार, पोरीचं लग्न हाय. हे हात जोडतात, म्हणतात, अक्का, आज खंडेनवमी, आज अवजाराला हात लावायचा न्हाई, बिचारं दमलंय. उद्या दसरा, उद्या या, पयली तुमचीच पत्रिका करतो.

मी म्हणते, सरी अण्णा, उद्या येते.

चला, बसा, चहा टाकते. तुमच्या घरात सगळी एकमेकाला नावानं हाक मारतात न्हवं? मारू देत बाई, अशीच मारू देत.