एक्केचाळीस चर

(फिनलंडमधलं एक खेडं, जुलैची दुपार. तळ्याकाठच्या सौनाबाहेर, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराबाहेर, बाकावर ऐंशी उलटलेला तौनो आणि शहरातून आलेली त्याची मुलगी हेल्का. समोर लाकडी धक्का, त्यापुढे तांबूस काळं पाणी.)

हेल्का: पेन चालतंय, बाबा. घरूनच तपासून आणलंय. दुसरं कारण काढ.

तौनो: चष्मा नाही.

हेल्का: कपाळावर आहे.

तौनो: तुझी आई अशीच होती. समोरच्याला पळायला वाट ठेवायची नाही.

हेल्का: दलदलीच्या बाकी सहाही मालकांनी सह्या केल्यात. शेजारच्या वाइनोकाकानेसुद्धा, आणि तो तर डॉक्टरच्या कागदावरही सही करत नाही. दलदलीचा मधला भाग तुझा. तुझे चर बुजवल्याशिवाय इतरांचे बुजवून काही उपयोग नाही.

तौनो: एक्केचाळीस चर आहेत माझे. दोन उन्हाळे खपलो. तेव्हा हाच वाइनो बांधावर उभा राहून तोंडात बोट घालून बघायचा. दलदलीत गाय शिरली तर पोटापर्यंत रुतायची. पाणी काढा, जंगल उभं राहील, असं सरकारच सांगत होतं. मला तर बक्षिसाचा कप दिला होता.

हेल्का: त्या कपात तू खिळे ठेवतोस.

तौनो: जंगल उभं राहिलं की नाही?

हेल्का: राहिलं. पन्नास वर्षांत एकेक झाड माझ्या मनगटाएवढं झालं. आणि पावसाचं काय झालं? पूर्वी दलदल पाऊस धरून ठेवायची, सावकाश सोडायची. आता पडला की चरांतून दोन दिवसांत तळ्यात, येताना दलदलीची माती घेऊन. बर्फ वितळलं की पूर, आणि आज जुलैत ओढ्यात बघ, नुसते दगड. विहिरीचा झरा आटला तो आटलाच. आजी म्हणायची, धक्क्यावरून चमचा टाकला तर तळाशी दिसायचा.

तौनो: दिसायचा. मीच टाकायचो. मारही खायचो.

हेल्का: मी तर हे पाणी असंच बघितलंय.

तौनो: म्हणून सगळं खापर माझ्यावर. अख्ख्या देशाने खणले.

हेल्का: तुला कोण बोलतंय? वाइनोकाका म्हणाला, तरुणपणी करायला गेलो एक आणि झालं भलतंच, आता मरायच्या आत निस्तरू. त्याला कमीपणा वाटला नाही. तुलाच का वाटतो?

तौनो: वाइनोचं काय जातंय त्यात?

हेल्का: तुझं तरी काय जातंय? चार काटक्या.

तौनो: कॉफी घेतेस?

हेल्का: नको. संध्याकाळी सतरंज्या धुवायच्यात. आईच्या हातच्या त्या दोन चिंध्यांच्या. घाबरू नकोस, अंगणात पाइपच्या पाण्याने धुते. तळ्यात साबण सोडायला आता बंदीच आहे.

तौनो: बंदी नव्हती तेव्हापासून सांगतोय मी. धक्क्यावर सतरंज्या नाही धुवायच्या.

हेल्का: आई गेल्यापासून. पण त्यात धक्क्याचा काय दोष? सतरंजी विसळता विसळता तिचं हृदय थांबलं. पाण्यात पडली ती गेलेलीच पडली. अकरा वर्षांची होते मी, पण तू सांगितलेला शब्द न् शब्द आठवतो.

तौनो: तुला तसं सांगितलं.

हेल्का: म्हणजे?

तौनो: रात्रभर किंचाळत उठायचीस. झोप लागावी म्हणून सांगितलं.

हेल्का: बाबा, काय झालं होतं?

तौनो: पाय घसरला. साबणाने धक्का निसरडा झाला होता. ओली सतरंजी किती जड होते माहीत आहे ना, तीच तिच्या अंगावर आली. मी इथे, याच बाकाशी लाकडं फोडत होतो. आवाज ऐकून धावलो आणि तशीच उडी मारली.

हेल्का: तू होतास तिथे?

तौनो: पाणी माझ्या डोक्याएवढं. फार नाही. पण आत डोळे उघडले तरी स्वतःचा हात दिसेना. चाचपत राहिलो. वर येऊन श्वास घ्यायचा, परत जायचं. दोनदा काहीतरी हाताला लागलं, मऊ, लिबलिबीत. मला वाटलं तळाचा चिखल, म्हणून सोडून दिलं.

हेल्का: नको सांगूस.

तौनो: विचारलंस ना. मी लांब लांब शोधत गेलो. मग वाइनो दाताळं घेऊन आला. ती धक्क्याच्या खांबाला लागूनच होती. पडली तिथून दोन हातांवर. मी चिखल समजून सोडली ती सतरंजी होती. चमचा दिसायचा त्या पाण्यात, हेल्का. आणि बायको दिसली नाही.

हेल्का: वाइनोकाकाला हे माहीत आहे.

तौनो: त्याने कधी तोंडातून काढलं नाही. पण तळात तो चिखल कुठून आला, हे त्यालाही कळतं.

हेल्का: सदतीस वर्षं एकट्याने पोटात ठेवलंस.

तौनो: सही केली की कबूल केल्यासारखं होईल. अजून कागदावर तरी आलेलं नाही.

हेल्का: यात फक्त चर बुजवायचं लिहिलंय. आईचं नाव कुठेही नाही.

तौनो: मला त्याच्याशिवाय दुसरं काही वाचता येत नाही त्यात.

हेल्का: राहू दे आज. मी बाकीच्यांना सांगते, बाबांना बरं नाही.

तौनो: बुजवले तर पाणी निवळेल कधी?

हेल्का: खरं सांगू? आधी दोन-तीन वर्षं आणखी गढूळ होईल. मग हळूहळू. वीस वर्षं, कदाचित तीस.

तौनो: म्हणजे मी नसेन.

हेल्का: नसशील.

तौनो: रोज सकाळी धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभा राहतो मी. चर्चमागे तिला पुरताना शवपेटीची दोरी माझ्याच हातात होती, सगळं आठवतं. तरी पाण्याकडे बघितलं की वाटतं, वाइनोने वर काढली ती दुसरीच कोणीतरी. ही अजून खाली आहे, आणि मी चुकीच्या बाजूला शोधतोय.

हेल्का: रोज?

तौनो: कुठे करायची सही? बोट ठेव.

हेल्का: इथे. बाबा, आधी चष्मा डोळ्यांवर घे. थांब थोडा.

तौनो: राहू दे. ... झाली. आता एक काम तुझं. तळ दिसायला लागेल तेव्हा धक्क्यावर पालथी पडून नीट बघ. खांबापाशीही बघ.

हेल्का: बघेन.

तौनो: आणि मग चर्चमागे येऊन मला सांग की खाली कोणी नाही.