मागच्या सीटपाशी बटण

गॅरेजच्या बाकावर काका आपल्या स्कूटरची वाट बघत बसले होते. समोर एक नवरा-बायको मोटारसायकलला पुढे दोन जादा दिवे बसवून घेत होते. गाडी बाईंची होती.

"ताई, हेडलाइटच्या वायरीलाच जोडू, की वेगळं बटण देऊ?" मेकॅनिकने विचारलं.

"वेगळंच द्या. आणि ते मागच्या सीटपाशी लावा."

"मागं? पण चालवणार तुम्हीच ना?"

"मीच. पण समोरून गाडी आली की हे मागून 'डिपर दे, डिपर दे' करतात. कान किटले माझे."

"अगं, समोरच्याला काही दिसत नाही. म्हणूनच म्हटलं, तुझ्या बहिणीकडे तू एकटीच जा."

"बघा, डोंगरातला रस्ता आणि हे रुसून बसलेत."

"रुसलो नाही, घाबरलोय."

"भाऊ, वायर सीटखालून नेता येईल?"

"नेऊ की. पण असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

"मग आता दिवे यांच्या हातात. अहो, येताय ना?"

"यावंच लागेल. नाहीतर तू वाटेत सगळ्यांना आंधळं करत जाशील."

मेकॅनिक हसत वळला. "काका, तुमची स्कूटर कधीच झालीय."

"असू दे. यांचे दिवे लागलेले बघतो, मग जातो."