पाचव्या नंबरचे कुरामोची

(जपानच्या उत्तरेकडचा डोंगराळ मतदारसंघ. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वृद्धाश्रमाच्या न्याहारीच्या खोलीत तोकुजी कुरामोचींना भेटायला त्यांची मुलगी चिहारु आली आहे; यंदा उमेदवार तीच होती. बाजूच्या खुर्चीत आश्रमातलेच सुगेनो.)

तोकुजी : थांब, निकाल सांगू नकोस. आधी गावं सांग.

चिहारु : बाबा, तुम्हाला अजून कोणीच सांगितलं नाही?

तोकुजी : मीच बजावलं होतं, पोरगी येऊन सांगेल म्हणून. पेपर या सुगेनोच्या बुडाखाली आहे.

सुगेनो : खुर्ची गार लागते.

तोकुजी : जन्मभर इवाबुची घराण्याचा प्रचार केला याने. आजोबांचा केला, मुलाचा केला, आता नातवाचा. ते जिंकले असते, तर पेपर दारावर चिकटवला असता.

सुगेनो : अंदाज बांधू नकोस. तुझा एकही अंदाज आजवर खरा ठरलेला नाही.

तोकुजी : सांग चिहारु. कुमाझावा.

चिहारु : कुमाझावाची मतं आता वेगळी मोजत नाहीत, बाबा. डोंगरातली सगळी गावं ताकिगामी नगरपालिकेत घातली ना.

तोकुजी : ठाऊक आहे. पण माझ्या पहिल्या निवडणुकीत मोजायचे. गावची मतं गावातच. कुमाझावात मला एक मत पडलं होतं.

चिहारु : एकच?

सुगेनो : आणि तेही कोणाचं, ते संध्याकाळच्या आत गावभर झालं. चिठ्ठीवर नाव हाताने लिहायचं, अक्षर काय लपतंय? टोफू विकणारी हानाए.

तोकुजी : तिचं गिऱ्हाईक तुटलं.

सुगेनो : माझं नाही तुटलं. टोफू चांगला असायचा बाईचा.

तोकुजी : पुढच्या निवडणुकीला आली माझ्याकडे. म्हणाली, तोकुजी, घाबरू नकोस, यंदा डाव्या हाताने लिहिते.

चिहारु : हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

तोकुजी : तुला निवडणुकीचं नाव काढलं तरी राग यायचा.

चिहारु : येणारच. मी होते दुसरीत आणि वर्गातली मुलं मला हाक मारायची ‘पाचवी’.

सुगेनो : पोरांचं काय चुकलं? चार जागांचा मतदारसंघ, पहिले चार खासदार व्हायचे, आणि हा गडी नेमका पाचवा. एकदा नाही, दरवेळी.

तोकुजी : मग कायदा बदलला, जागा उरली एक, आणि मी आलो दुसरा.

सुगेनो : प्रगतीच म्हणायची.

तोकुजी : हस. चिहारु, बंदराचं सांग.

चिहारु : बंदरावर इवाबुची पुढे. बरेच पुढे.

तोकुजी : हं. तिथे त्यांचे पाय धरणारे पुष्कळ. आणि ओतारी?

चिहारु : ओतारीत अगदी बरोबरीत. आधी ते, मग मी, परत ते.

तोकुजी : म्हणजे ओतारीपर्यंत आपण मागेच. पाणी दे जरा. ...मागच्या खेपेलाही इथवर असंच झालं होतं.

सुगेनो : कशाला म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लावतेस? सांगून टाक.

चिहारु : त्यांनाच गावं ऐकायची आहेत, काका.

तोकुजी : ताकिगामी राहिलं. तिथे काय व्हायचंय? युनोसावा त्यात, याचं गाव. तिथे माझी पत्रकं चुलीत घालायचे.

सुगेनो : ओली असायची. नीट पेटायचीही नाहीत.

चिहारु : ताकिगामीत आपण पुढे, बाबा.

तोकुजी : युनोसावा धरून?

चिहारु : युनोसावा धरून. बंदरावर मागे पडलो ते सगळं भरून निघालं, वर उरलं. बाळंतपणाचा दवाखाना बंद झाल्यापासून तिथल्या बायका दोन डोंगर ओलांडून जातात. मी घरोघर गेले तर सासवाच बाहेर येऊन बोलायच्या. नवरे आत बसून ऐकायचे.

सुगेनो : आमच्या गावात तुला कोणी मत दिलं असेल, असं मला वाटत नाही.

चिहारु : ते आता कोणालाच कळायचं नाही, काका. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र मिसळतात.

तोकुजी : म्हणजे उजव्या हाताने लिहिलं सगळ्यांनी.

चिहारु : हो बाबा. उजव्या हाताने लिहिलं.

सुगेनो : घे हा पेपर. पहिल्या पानावर आहे. फोटोत बापासारखी दिसतेस, तेवढं एक वाईट.

तोकुजी : अक्षरं हलतायत. वाच तू.

सुगेनो : मी वाचू? ...‘इवाबुचींचा बालेकिल्ला ढासळला. तीन पिढ्यांनंतर जागा कुरामोचींकडे.’ झालं समाधान?

तोकुजी : पुन्हा वाच.

सुगेनो : ‘जागा कुरामोचींकडे.’

तोकुजी : चिहारु, उठव मला. ऐका हो सगळे. ओकामीबाई, चमचा ठेवा खाली. आमची चिहारु पहिली आली. हात वर करून विजयाचं बान्झाई म्हणायचंय मला. तीनदा.

चिहारु : बाबा, जपून. खांदा दुखतो ना तुमचा?

तोकुजी : आयुष्यभर दुसऱ्यांचं बान्झाई ऐकलं मी, रस्त्याच्या पलीकडे उभा राहून. आज खांदा गेला तरी चालेल. ...छे, जातच नाही वर.

सुगेनो : आण इकडे. कोपर सैल सोड. असा. कुरामोचीचा हात मी वर धरीन, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

तोकुजी : बान्झाई.

चिहारु : बान्झाई.

तोकुजी : सुगेनो, तूही म्हण.

सुगेनो : हात धरलाय तेवढं पुरे. म्हण तू तिसरं, मला कळ लागायला लागली.

तोकुजी : बान्झाई. ...टाळ्या वाजवतायत बघ, चिहारु. ओकामीबाई रडतेय की हसतेय?

चिहारु : दोन्ही. बसा आता.

सुगेनो : ए पोरी. नाही, आता तसं म्हणून चालायचं नाही. खासदारबाई, युनोसावाची बस बंद केली आहे. माझी बहीण वर एकटी राहते, बर्फ पडलं की खाली येता येत नाही तिला. इवाबुचींकडे जाऊन आलो. चहा दिला, पाठवून दिलं.

तोकुजी : बघ याला. मत द्यायचं त्यांना, काम सांगायचं आपल्याला.

सुगेनो : दिलंय त्यांनाच. खोटं कशाला बोलू?

चिहारु : बाबा, जरा सरका, मला बसू दे. बोला काका. वर शेवटचा थांबा कुठे होता?